बिना हाकेची धाव

फुटबॉल खेळणाऱ्या बाईचं म्हातारपण लवकर येतं. तिशी ओलांडली की गुडघा कुरकुरू लागतो, आणि एक दिवस डॉक्टर एक्स-रे उजेडासमोर धरून म्हणतात, "आता पुरे." त्या हिशेबाने मी म्हातारी आहे, आणि म्हाताऱ्या माणसांसारखीच मलाही जुनं काही सांगायची हौस आली आहे. लिहायची सवय मात्र नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढले तीसुद्धा चढू की नको असं करत. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. मोठ्या स्टेडियममधल्या गोष्टी मला सांगायच्या नाहीत. त्या ज्यांनी पाहिल्या त्यांनी पाहिल्या. बाबांनी मला शर्यतीचा बैल कसं केलं आणि एका दुपारी मी बैल असणं कसं सोडलं, एवढंच सांगायचं आहे.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, कुहीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी आणि ओसरीला लागून गोठा. लागून म्हणजे इतका की कूस बदलली की आधी तुफानचा श्वास ऐकू यायचा आणि मग आईचा. तुफान आणि मास्तर ही बाबांची पटाची जोडी. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत: नांगरून, दाबून केलेली एक सरळ वाट, हलकी गाडी, आणि दोन्ही बाजूंनी उभा सगळा तालुका. बाबा जोडी हाकायचे. एरवी ते कमी बोलणारे. सोयरिकीत पाहुण्यांसमोरही मान खाली घालून बसत. पण गाडीवर उभे राहून त्यांनी "हुर्र्र हाऽऽ" अशी हाक दिली की बांधावरचे बगळे उठत. त्यांचा एक ठाम सिद्धांत होता. "जोडीत एक पळणारा पायजे अन् एक ऐकणारा," ते म्हणत. "दोन्ही पळणारे असले तं गाडी नाल्यात, अन् दोन्ही ऐकणारे असले तं गाडी घरीच." तुफान पळणारा होता आणि मास्तर ऐकणारा. मास्तरला नाव कोणी दिलं माहीत नाही, पण तो रवंथसुद्धा विचार करून करायचा.

मग पट बंद झाला. वरून हुकूम आला, बैल पळवायचे नाहीत. हुकूम चांगला की वाईट हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. मला फक्त एवढं आठवतं की बाबा तरीही सकाळी जोडी सोडायचे, वाटेच्या टोकाला नेऊन उभी करायचे, थोडा वेळ हाक न देता थांबायचे आणि परत आणायचे. तुफान परत येताना मागे वळून पाहायचा. घुंगरमाळ दाराच्या खुंटीला टांगलेली असे. दार लावलं की ती वाजे, आणि ती वाजली की गोठ्यात तुफान उठून उभा राही. आई दार लावायचंच सोडून देऊन नुसतं लोटायला शिकली.

त्याच वर्षी मी नागपूरला कॉलेजात गेले, मुलींच्या होस्टेलवर राहिले. पहिले काही महिने मी काहीही आपणहून केलं नाही. वर्गात नाव घेतल्याशिवाय उत्तर दिलं नाही. कॅन्टीनमध्ये कोणी "बस ना वं" म्हटल्याशिवाय बसले नाही, आणि कोणी म्हणत नसल्यामुळे बरेचदा उभ्यानेच तर्रीपोहे खाल्ले. घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं की अशा ठिकाणी काय करतात. मग मी कोणीतरी सांगेपर्यंत थांबायचं ठरवलं. पिंकी मेश्राम माझ्या शेजारच्या बाकावर बसायची. ती नागपूरचीच, बोलणं तोफेसारखं. खेळाचे ढोबळे सर एकदा वर्गात आले आणि म्हणाले, मुलींच्या फुटबॉल संघात एक जण कमी आहे, कोणी धावतं का? कोणी हललं नाही. पिंकीने माझं मनगट धरलं आणि माझा हात वर केला. अशी मी फुटबॉलपटू झाले.

पोळ्याला घरी गेले तेव्हा बाबांना भीत भीत सांगितलं की मी फुटबॉलच्या संघात फॉरवर्ड आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलांचे खांदे लोणी-हळद लावून पळसाच्या पानाने शेकतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. बाबा मास्तरचा खांदा शेकत होते. माझं ऐकून त्यांचा हात थांबला.

"फॉरवर्ड म्हंजे काय करा लागते?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यात समोर राहून पळा लागते, बाबा."

"सरळ?"

"बहुतेक सरळच."

बाबांनी तुफानकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग पान लोण्यात बुडवून ते माझ्यासमोर खाली बसले, माझे दोन्ही गुडघे शेकले आणि बैलांना म्हणतात तेच गंभीरपणे म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"काहो जी," आई चुलीपासून ओरडली, "पोरगी हाय का बैल हाय ते?"

"पळाचं काम हाय ना?" बाबा म्हणाले. "मंग ते मले समजते."

दिवाळीच्या सुट्टीत माझं शिक्षण सुरू झालं. पहाटे भिजवलेले चणे आणि गूळ, मग कच्चं अंडं घातलेलं दूध, मग अळशीचे लाडू. अळशीचे लाडू आई सगळ्यांसाठी करायची, पण आता डबा माझ्या नावाचा झाला आणि तो गोठ्यात, सरकीच्या ढेपेच्या पोत्याशेजारी ठेवला जाऊ लागला. मी जेवायला बसले की बाबा ताटाकडे न पाहता माझ्या जबड्याकडे पाहायचे. "चावून राहिली का नीट?" ते आईला विचारायचे, जणू मला विचारून उपयोग नव्हता. आई सांबारवडीची, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्यांची, परात पुढे सरकवत म्हणायची, "आपल्या लग्नात बी माह्या वाट्याले इतकं तूप नोतं."

मग पटाची ती सरळ वाट. बाबा मला टोकाला उभं करायचे आणि मागून माझ्या कुर्त्याचं टोक घट्ट धरायचे. पटात सुटायच्या आधी बैलांना असंच धरून ठेवतात. ते फुरफुरतात, खूर आपटतात, आणि हाक आली की सुटतात. मला फुरफुरता येत नव्हतं, पण बाबा थांबायचे. ते इतके थांबायचे की खरंच माझ्या छातीत काहीतरी फुरफुरू लागायचं. मग "हुर्र्र हाऽऽ!" आणि कुर्ता सुटायचा. वाटेच्या दुसऱ्या टोकाला कुठेच थांबायची सोय नव्हती. पटात तिथे माणसं दुपट्टे पसरून, "हो, हो, हो" करत बैलांना आवरतात. माझ्यासाठी तिथे आई उभी राहायची, पदर पसरून, हातात पळी घेऊन, कारण भाजी चुलीवर असायची. गावातली पोट्टी बांधावर बसून पैजा लावत. एक म्हातारे आजोबा रोज येऊन माझे घोटे पाहून जात. "उजवा भारी हाय," ते बाबांना म्हणत, आणि बाबा मान हलवत. अजूनही कोणी माझ्या पायांविषयी बोललं की मला आधी ते आजोबा आठवतात, मग डॉक्टर.

सुट्टीनंतर मी नागपूरला परतले ती तालुक्यातली सगळ्यात वेगवान मुलगी होऊन. फक्त दोन गोष्टी बिघडल्या होत्या. एक, मला वळता येत नव्हतं. आणि दुसरी, हाक आल्याशिवाय माझा पाय उचलत नव्हता. मी खोटं सांगत नाही. मैदानावर बॉल यायचा, ढोबळे सर "पळ!" म्हणायचे, शिटी फुंकायचे, हात-पाय आपटायचे, मी खांबासारखी उभी. मन म्हणायचं पळ, पाय म्हणायचे अजून धरलेलं आहे. एकदा पिंकी वैतागून नुसतीच थट्टेने ओरडली, "हुर्र्र हा!" मी निघाले, बॉल घेतला, सरळ गोलमध्ये गेले आणि जाळीत अडकून थांबले. 

"अबे, हे तं बटन सापडलं," पिंकी म्हणाली.

त्या मोसमात आम्ही जिंकत सुटलो. पिंकी मधल्या फळीतून पास देताना हाक द्यायची, मी सुटायचे. बाबांना कळवलं तेव्हा ते मुद्दाम एसटीने पिंकीला पाहायला आले. तिची उंची, चाल, बोलण्याची ढब नीट पाहिली आणि अळशीच्या लाडवांचा दुसरा डबा तिच्या हातात दिला. "हे तुहा मास्तर हाय," ते मला म्हणाले. पिंकीला वाटलं बाबा तिला शिक्षिका समजले. ती लाजली आणि पुढे कित्येक दिवस मला अभ्यासाचं विचारत राहिली.

त्याच खेपेला बूट घ्यायला आम्ही सीताबर्डीच्या बाजारात गेलो. बाबांनी दुकानदाराच्या हातून बूट घेतला, उलटा केला आणि तळाच्या गोट्यांवरून अंगठा फिरवला. "नाल चांगली हाय," ते म्हणाले. "पण चालवून पाहा लागन." दुकानदार म्हणाला, काका, इथेच दोन पावलं चालून पाहा. बाबांना ते पटलं नाही. बैल कोणी गोठ्यात चालवून घेतं का? त्यांनी मला भर रस्त्यावर नेलं, कपड्यांच्या ठेल्यांमधल्या जागेत उभं केलं, मागून कुर्ता धरला. समोर ऑटो, बायका, पिशव्या, एक माणूस डोक्यावर गादी घेऊन. मी म्हटलं, "बाबा, नको." त्यांनी हाक दिली. मी सरळ गेले. त्या गादीवाल्याने कसलीही तक्रार न करता बाजूला व्हायचं ठरवलं, याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे. व्हेरायटी चौकात वाहतूक पोलिसाने दोन्ही हात पसरले, तेव्हा मी थांबले. बूट छान होते.

पण गुपित टिकत नाही. शेजारच्या कॉलेजच्या संघात बेबी नावाची एक उंच, धिप्पाड मुलगी होती, बचाव फळीची कप्तान. एका सामन्यात तिने पिंकीची हाक ऐकली आणि ओळखली. तिच्या मामाकडेही पटाची जोडी होती. पुढच्या वेळी पिंकीने पास द्यायच्या आधीच बेबी ओरडली, "हुर्र्र हा!" मी सुटले. बॉल अजून पिंकीच्याच पायाशी होता. पास निघायच्या आधी बचावातल्या मुलींच्या पलीकडे जाऊन उभं राहिलं की ती ऑफसाइड. झेंडा वर जातो, बॉल त्यांना मिळतो. त्या दिवशी लाइनवरच्या माणसाचा हात दुखून आला.

घरी आईने विचारलं, ऑफसाइड म्हणजे काय गं? मी समजावून सांगितलं. तिने थोडा विचार केला. "म्हंजे वाढाच्या आधीच पाटावर येऊन बसनं," ती म्हणाली. "तुह्या बाबाचं रोजचंच हाय."

आणि नेमका तेव्हाच निरोप आला की कोलकात्याच्या एका क्लबला फॉरवर्ड हवी आहे. देशाच्या महिला लीगमध्ये खेळणारा, मुलींना पगार देणारा क्लब. त्यांच्या मॅडम नागपूरला एकच दिवस येणार, एकच सामना पाहणार, आणि एकच मुलगी घेणार. सामना आमचा आणि बेबीच्या संघाचा. पिंकी म्हणाली, "ये चान्स गया तो गया." ढोबळे सरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "बेटा, आपलं आपण धावता येईल का?" मी खरं तेच सांगितलं, "प्रयत्न करते, सर, पण मला कोणी सांगितलं तर बरं होईल." सरांनी चष्मा काढून पुसला.

बाबा सकाळच्या पहिल्या बसने आले, धोतरावर इस्त्रीचा सदरा, खांद्यावर पटाच्या दिवसाचा गुलाबी दुपट्टा. मैदान जुनं होतं. एका बाजूच्या गोलमागे पडकी भिंत, तिच्यात माणूस जाईल एवढं खिंडार, पलीकडे रस्ता आणि चहाची टपरी. जाळ्या सुतळीने शिवलेल्या. क्लबच्या मॅडम खुर्चीवर बसल्या होत्या, डोक्यावर छत्री, चेहऱ्यावर काहीच नाही. बाबांनी त्यांना लांबूनच नमस्कार केला आणि बाजारात बैल पारखावा तसं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग मान हलवली. मॅडम बहुधा त्यांना चांगल्या वाटल्या.

सामना सुरू झाला आणि बेबी सुरू झाली. पिंकीच्या पायाला बॉल लागायच्या आत तिची हाक. मी सुटले, ऑफसाइड. पुन्हा हाक; पुन्हा ऑफसाइड. लवकरच त्यांच्या बचावातल्या चौघीही हाक देऊ लागल्या, सुरात, आणि हाक दिल्याबरोबर झेंड्यासाठी हात वर करून उभ्या राहू लागल्या. मी एकटीच मैदानभर सुटत होते, बॉलशिवाय, कामाशिवाय, गोलमध्ये जाऊन परत येत होते. त्यांची गोलकीपर मला दर वेळी म्हणायची, "ये ताई, बस." मॅडमनी घड्याळ पाहिलं. ते मी पाहिलं.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, मैदानात आले आणि थेट पंचांसमोर उभे राहिले. पंच एक बारीक, घामेजलेले गृहस्थ होते.

"पंच साहेब," बाबा शांतपणे म्हणाले, "यायनं माह्या जोडीले हाक देली. फेर द्या."

"कोणती जोडी?"

"हे पोरगी, अन् ते पिंकी. पटात दुसऱ्याच्या जोडीले हाक मारली तं नियम माहीत हाय ना तुमाले?"

"काका, बाहेर व्हा. हा फुटबॉल आहे."

"असन. नियम तं नियम असते का नाई?" बाबा बेबीकडे वळले. "अन् तू वं, मोठ्या घरची दिसतं. तुह्या मामानं हेच शिकवलं का तुले?"

बेबीने मान खाली घातली. पंचांचा धीर सुटला. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढलं आणि बाबांसमोर उंच धरलं. आता हे समजायला हवं की पटात तक्रार मान्य झाली की पंच एक चिठ्ठी देतात, आणि ती दाखवली की फेर मिळतो, म्हणजे जोडी पुन्हा पळवता येते. बाबांनी दोन्ही हात पुढे करून कार्ड घेतलं, कपाळाला लावलं, सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, "उपकार झाले साहेब. कितवा नंबर हाय आमचा?"

पंचांनी चौकीदाराला खूण केली. चौकीदाराने बाबांना फाटकाबाहेर नेलं. ते अगदी समाधानाने गेले. त्यानंतर थोड्याच वेळात बेबीच्या शेजारणीने मला मागून पाय घातला आणि मी तोंडावर पडले. पंच धावत आले, आवेशाने खिशात हात घातला, मग दुसऱ्या खिशात, आणि शेवटी नुसताच रिकामा हात उंच धरून उभे राहिले. त्या मुलीला काही समजलं नाही. तिने वाकून नमस्कार केला आणि खेळू लागली.

मी गुडघ्यावर बसले होते. पिंकी आली. "बाबा गेले. आता आयक," ती म्हणाली. "मी हाक नाई देत आता. या बेबीनं देली तं तू हलू नको."

"मंग मी कवा पळू?"

"तुले वाटन तवा."

"पिंके," मी म्हटलं, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला सांगत होते, "मले कवा वाटते ते मलेच नाई मालूम."

  पिंकीने माझ्या जर्सीवरची माती झटकली आणि ती परत गेली.

मला त्यानंतरचा थोडासा वेळ नीट सांगता येईल का, शंका आहे. बॉल पिंकीकडे आला. बेबीने हाक दिली, आणि चौघींनी सूर लावला. माझ्या पायांत जे व्हायचं ते झालं. पण मी जागीच उभी राहिले. चौघींचे हात झेंड्यासाठी वर गेले होते, वर्गात उत्तर येत असल्यासारखे, आणि त्या तशाच उभ्या. लाइनवरच्या माणसाने सवयीने झेंडा अर्धा उचलला, मग माझ्याकडे पाहिलं, मग खाली केला. हाक संपली होती. कोणी मागून कुर्ता धरलेला नव्हता. मला वाटलं, आपल्याला आता कोणीच काही सांगणार नाही. ही फार वाईट गोष्ट आहे असं मला आजवर वाटत आलं होतं. पिंकीच्या पायातून बॉल सुटला, आणि मी निघाले.

वळायचं काही कारणच नव्हतं. मी बॉल गाठून तसाच पुढे मारला; बेबीने हात खाली घेऊन पाय पसरले, बॉल तिच्या पायांमधून गेला आणि मी तिच्या बाजूने. गोलकीपर "ये ताई" म्हणेपर्यंत मी आत होते. बॉल, मी आणि माझ्या अंगावर सुतळीने शिवलेली सगळी जाळी. ती टरकन फाटली. मला थांबता येत नव्हतं. बॉल भिंतीच्या खिंडारातून बाहेर गेला, मी त्याच्यामागे. रस्त्यावर, चहाच्या टपरीसमोर, गुलाबी दुपट्टा दोन्ही हातांत पसरून बाबा उभे होते. "हो... हो... हो..." ते म्हणत होते. मी त्या दुपट्ट्यात जाऊन थांबले.

त्यांनी माझं तोंड पुसलं, टपरीवरच्या ग्लासातलं पाणी पाजलं. खुशीत होते. खिशावर हात ठेवून म्हणाले, "पाह्यलं? देला ना फेर! पण मी तं बाहेर होतो. हाक कोणं देली?"

"कोणीच नाई देली, बाबा."

"पिंकीनं देली असन."

"नाई. मीच निघालो."

बाबांनी दुपट्टा घडी करायला सुरुवात केली. घडी नीट बसेना. त्यांनी ती मोडली, पुन्हा घातली. "बिना हाकेचा बैल निघाला तं त्याले आपण पळाला नाई म्हणत, वं," ते हळूच म्हणाले. "दाव्यातून सुटला म्हणतो." मग दुपट्टा माझ्या खांद्यावर टाकून ते चहाच्या बाकावर बसले.

खिंडारातून पंच डोकावले. बॉल जाळीच्या मधून गेला की खांबाच्या बाहेरून, कोणालाच दिसलं नव्हतं. आणि आता जाळीच उरली नव्हती. "काका," ते धापा टाकत म्हणाले, "बॉल कुठून आला तुम्ही पाहिलंत का?"

"साहेब, मी माह्या पोरीकडे पाहून राहिलो होतो," बाबा म्हणाले. "बॉल कोण पायते?"

शेवटी बेबीनेच सांगितलं. ती खिंडारापाशी आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माह्या टांगेतून गेला, सर, अन् सरळ गोलमध्ये. लिहून घ्या." मग बाबांना म्हणाली, "काका, मामाले सांगू नका." आम्ही तो सामना त्या एका गोलने जिंकलो.

सामना संपल्यावर मॅडम टपरीपाशी आमच्याकडे आल्या. त्यांनी मला काही विचारलं नाही, बाबांना विचारलं. "यह लड़की मुड़ती है?"

"नहीं मॅडम," बाबा प्रामाणिकपणे म्हणाले. "मुडती नहीं. मुडाओगे तो बिगड जायेगी."

"रुकती है?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पटवाला कधी जनावराची खोटी तारीफ करत नाही. "पहले बोलने से चलती थी, बोलने से रुकती थी," ते म्हणाले. "अब का मेरे को मालूम नहीं. अब उसको पूछो."

मॅडमनी छत्री मिटली आणि मला विचारलं, कोलकात्याला येशील का? मी बाबांकडे पाहिलं. ते मुद्दाम टपरीवाल्याच्या किटलीकडे पाहत होते. "येतो," मी म्हटलं, तेही गावच्या मराठीत, आणि मॅडमना ते समजलं.

वळायला मला तिथे शिकवलं. दोन वर्षं लागली आणि बाबांनी सांगितलं तसं थोडं बिघडलंही. पुढे टीव्हीवर एकदा कोणी म्हणालं की हिची धाव सुरू होण्याची वेळ अचूक असते, आणि गावी मोबाइलवर तो सामना पाहणाऱ्या बाबांनी मोबाइलच बंद करून टाकला, म्हणाले, दृष्ट लागते. लाल कार्ड अजून आमच्या घरी आहे, दाराजवळच्या देवळीत, घुंगरमाळेखाली. पंचांनी ते कधी परत मागितलं नाही.

आता पट पुन्हा सुरू झाला आहे, पण तुफान आणि मास्तर राहिले नाहीत आणि बाबांचे खांदेही राहिले नाहीत. ते नुसतं पाहायला जातात. गोठ्यात माझी स्कूटी उभी असते. या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी पोळ्याला घरीच होते. आदल्या संध्याकाळी बाबा पळसाचं पान आणि लोणी-हळदीची वाटी घेऊन ओसरीत आले, बैल नसलेल्या गोठ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझ्यासमोर खाली बसले. टाक्यांच्या खुणेवरून पान हळूहळू फिरवत म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"आवतन मले हाय का गुडघ्याले, बाबा?"

"दोघायले." ते उठताना माझ्या डोक्याचा आधार घेऊन उठले. "पण हाक मारणार नाई मी उद्या. भूक लागन तवा येजो."

दुसऱ्या दिवशी पुरणाचा वास सुटला, आणि मी पहिली पोळी तव्यावर पडायच्या आतच पाटावर जाऊन बसले. आईने पळी उंच धरली.

"ऑफसाइड," ती म्हणाली, आणि वाढायला लागली.